भाकरीचा पापुद्रा

अक्कलदाढ काढली त्याला आज तीन दिवस झाले. सून भाकरीचा वरचा मऊ पापुद्रा अलगद सोडवते, दुधात कुस्करून माझ्यापुढं ठेवते आणि बजावते, "आबा, एकाच बाजूनं चावा बरं."

तसं चावता चावता शेवंता आठवली. माझी बायको. तिला जाऊन आता वर्ष होईल. शेवटी शेवटी तीही अशीच एका गालानं जेवायची. मी म्हणायचो, "शेळीसारखं काय रवंथ करतेस?" ती हसायची. दाढ दुखते म्हणून एकदा बोलली होती. मी म्हणालो, "लवंग धर की." झालं, विषय संपला.

पापुद्रा मात्र रोज माझ्या ताटात. दात माझे धड होते, तरी. खालची जाड भाकरी ती खायची. तिला तीच आवडते असं मी धरून चाललो. विचारलं कधी नाही.

आज सुनेला म्हणालो, "पापुद्रा तू खा. मला खालची दे."

"काहीतरीच काय, आबा! दुखेल ना तुम्हाला."

तिला हे पटकन सुचलं. मला शेवंतासाठी एकदाही सुचलं नाही.

मुकाट्यानं पापुद्रा खाल्ला. गोड लागला, त्याचीच लाज वाटली.