स्पीकरमधली फोडणी

माझा मुलगा मला वेडी ठरवायला निघाला होता, आणि कारण काय, तर मी त्याला म्हटलं, ‘स्पीकरमध्ये फोडणी पडतेय.’ एवढंच. ज्यानं जन्मभर माझ्या हातचं वरण खाल्लं, त्याला या वाक्याचा अर्थ लागला नाही. तेव्हा आलेला राग अजून उतरलेला नाही. उतरावा असं मला वाटतही नाही.

आमचा स्टिरिओ म्हणजे मधे एक काळं यंत्र आणि दोन बाजूंना धान्याच्या कोठीएवढे दोन स्पीकर. नवऱ्यानं करोल बागेतून आणला, तेव्हा तो सरकारी नोकरीत होता आणि असल्या वस्तूंचा त्याला फार शौक होता. तो असेपर्यंत मला त्या यंत्राला हात लावायची परवानगी नव्हती. धूळसुद्धा तोच पुसायचा. तो गेल्यावर मी सगळी बटणं एकेक करून दाबून पाहिली आणि शिकले. माझी शाळा चौथीपर्यंतच, पण बटण दाबायला चौथी पुरते. सगळ्यांना वाटतं मी नवऱ्याची आठवण म्हणून ते जपते. तसं काही नाही. मला रेडिओ ऐकायला आवडतो आणि मोबाइलवरचा आवाज डब्यात पडलेल्या माशीसारखा येतो, म्हणून मी ते जपते. सकाळी बातम्या, मग जुनी गाणी. भाजी निवडणं, गव्हाला तेलाचा हात फिरवणं, सगळं त्याच्यासमोर बसून.

दिल्लीत, द्वारकेच्या या फ्लॅटमध्ये मी एकटी राहते. मुलगा गुडगावला. मानेसरच्या एका कारखान्यात गाड्यांचे पत्रे दाबतात, तिथे तो वरच्या हुद्द्यावर आहे. सून लखनौकडची. मराठी तिला समजते, बोलते हिंदी. मुलगा इथेच वाढला. मराठी बोलतो, पण त्याच्या मराठीला जागोजागी भोकं पडलेली आहेत. ‘कोनाडा’ म्हटलं की विचारतो ते काय. ‘उसंत’ म्हटलं की हसतो. मी पुष्कळदा सोडून दिलं. सोडायला नको होतं.

मी न्हाणीघरात पाय घसरून पडले, तेव्हापासून त्याचं टुमणं सुरू झालं. ‘आई, आता बस झालं. फ्लॅट विकू, तू आमच्याकडे चल.’ मी नाही म्हटलं. त्याचं घर बाविसाव्या मजल्यावर, काचेच्या पेटीसारखं. खाली जायला लिफ्ट, लिफ्टमध्ये कोणी कोणाशी बोलत नाही. इथे माझी भाजीवाली गेटवर उभी राहून मला हाक मारते. मी कुठेही जाणार नाही, असं मी स्वच्छ सांगितलं. मग तो म्हणाला, ‘ठीक आहे. पण कॅमेरा लावतो. तुला काही झालं तर मला फोनवर दिसेल.’ आणि पुस्तकांच्या फळीवर एक पांढरा गोळा बसवून गेला. त्याची वायर स्टिरिओच्याच बोर्डात खुपसली, कारण दुसरा प्लग जवळ नव्हता. तो गोळा मान वळवतो. मी उठले की माझ्यामागे बघतो. माझ्या घरात मला असं कोणी कधी न्याहाळलं नव्हतं, नवऱ्यानंसुद्धा नाही.

त्यानंतर थोड्या दिवसांनी स्पीकरमधून तो आवाज यायला लागला.

मोठा नव्हता. कढल्यात तेल पुरतं तापायच्या आधी मोहरीचा एखाददुसरा दाणा उडतो, तसा. तड. मग थांबायचा. मग तड तड. बातम्या चालू असताना लक्षात यायचा नाही, पण निवेदक श्वास घ्यायला थांबला की मागे शेजारच्या घरात कोणीतरी फोडणी करतंय असं वाटायचं. मी मुलाला फोनवर सांगितलं, ‘अरे, तुझ्या बाबांच्या स्पीकरमध्ये फोडणी पडतेय. बारीकशी. कोणाला तरी दाखवायला हवा.’

तो म्हणाला, ‘अच्छा, अच्छा. बघतो.’ आणि फोन बंद करायचा विसरला.

मग मला ऐकू आलं, ‘यार, मम्मी को लगता है कि स्पीकर के अंदर कोई तड़का लगा रहा है.’

सून म्हणाली, ‘अंदर? कौन?’

‘पता नहीं कौन. कोई.’ मग मराठीवर येऊन, ‘आधी कान दाखवू. मग डोक्याचा डॉक्टर. असं तर तिला एकटं ठेवता येणार नाही बिल्कुल.’

माझे कान गेले म्हणणाऱ्याचा प्रत्येक शब्द माझ्या कानानं टिपला. मी फोन ठेवला आणि दुपारच्या चहाचं भांडं इतक्या जोरात ओट्यावर आपटलं की त्याला पोचा आला. तो अजून आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्याला समजावून सांगायला गेले आणि सगळं आणखी बिघडवून ठेवलं. म्हटलं, ‘तडतड होतेय. मी उठले की होते, मी बसले की गप्प होते.’ हे खरंच होतं, मी ते टिपलेलं होतं. पण तिकडून तो अगदी हळू, लहान मुलाशी बोलतात तशा आवाजात म्हणाला, ‘हो का आई? तू उठलीस की तो आवाज बोलतो का तुझ्याशी?’

‘बोलत नाही रे! तडतडतो!’

‘हो हो. शांत हो. शनिवारी येतो आम्ही. कानाच्या डॉक्टरची वेळ घेतलीय. आणि आम्ही यायच्या आत तुझी बॅग भरून ठेव, काही दिवस आमच्याकडे राहा.’

काही दिवस म्हणजे काय ते मला कळतं. आमच्या मजल्यावरची एक बाई अशीच काही दिवसांसाठी गेली. तिच्या दारावर आता दुसऱ्याची पाटी आहे. आता सरळ होतं. शनिवारच्या आत तो आवाज खरा आहे हे दाखवता आलं तर घर माझं, नाहीतर बॅग.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एकाला फोन केला. तो म्हणाला, ‘माताजी, फेंक दो. अब कौन चलाता है. छोटा वाला ले लो, मोबाइल से चलेगा.’ मी त्याला म्हटलं, ‘बेटा, तुझसे पूछा नहीं कि क्या फेंकना है.’ आणि फोन आपटला. मग मीच बसले.

फोडणी कुठून आली ते शोधायचं तर एकेक भांडं बाजूला करत जायचं, दुसरं काय. आधी स्पीकरच्या वायरी काढल्या. तांब्याची टोकं काळी पडली होती, सुरीनं खरवडून लख्ख केली, परत खोचली. तड. मग डाव्या स्पीकरची वायर उजवीकडे आणि उजव्याची डावीकडे लावली. एकाच स्पीकरचा दोष असता तर कळला असता. दोन्हीकडे तड. मग रेडिओ बंद करून कॅसेट लावली, कॅसेटमध्येही तेच. कॅसेट थांबवली, नुसतं यंत्र चालू ठेवलं. गाणं नाही, बातम्या नाही, काही नाही, तरी फोडणी चालूच. म्हणजे रेडिओचाही दोष नाही. फ्रिज बंद केला. पंखा बंद केला. दिल्लीच्या उन्हाळ्यात पंखा बंद करून मी कान लावून बसले, घाम हनुवटीवरून गळत होता. आवाज थांबला. मला वाटलं सापडला, पंखाच. टाळी वाजवून उठले, तर परत तड तड तड.

तेवढ्यात फोन. मुलगा. ‘आई, काय करतेयस? सगळ्या वायरी का काढल्यास? टाळ्या कसल्या वाजवतेयस?’

तो बघत होता. कारखान्यात बसून तो मला बघत होता. पंखा बंद करून, पदर खोचून, स्पीकरला कान लावून बसलेली, एकटीच टाळ्या वाजवणारी म्हातारी. त्याला काय दिसलं असेल ते मला कळलं, म्हणून राग आणखी वाढला. म्हटलं, ‘काम कर तुझं.’

आंघोळ केली. आंघोळीनंतर लुगडं नेसते ती त्याच खोलीत, कारण आतल्या खोलीत आरसा नाही. म्हणून रोज नेसायच्या आधी मी त्या गोळ्यावर टॉवेल टाकते. मुलानं आईला उघडं बघायचं नसतं, हे कॅमेरा बनवणाऱ्यांना कोणी सांगितलेलं नाही. टॉवेल टाकला, निऱ्या घातल्या, खोलीभर चालले, काठ बघायला खिडकीशी गेले, परत आरशाशी आले. आणि थांबले.

फोडणी नाही.

स्टिरिओ चालूच होता. मी मुद्दाम पाय आपटत चालले. नाही. दारापर्यंत गेले. नाही. मग टॉवेल ओढून काढला आणि एक पाऊल टाकलं. पांढऱ्या गोळ्यानं मान वळवली आणि स्पीकरमध्ये, तड तड. थांबले, तो थांबला. चालले, तो वळला. तड. माझ्यावर नजर ठेवायला ते मान वळवत होतं आणि वळताना त्याच बोर्डातून वीज ओढून माझ्या रेडिओत मोहरी टाकत होतं. मी उठले की फोडणी, मी बसले की गप्प. अक्षर न् अक्षर खरं बोलले होते मी.

मी प्लग उपटला नाही. उपटला असता तर शनिवारी दाखवायला काय उरलं असतं?

शनिवारी दोघं आली. स्टिरिओ मी आधीच चालू करून ठेवला होता, गाणं नाही, नुसतं यंत्र. मुलगा आत येताच म्हणाला, ‘बॅग कुठेय आई?’

‘बॅग राहू दे. बूट काढ आणि खिडकीपर्यंत चाल.’

‘आई, डॉक्टरची वेळ...’

‘चाल म्हणते ना.’

तो सुनेकडे बघून, डोळ्यांनीच ‘बघ’ म्हणून, खिडकीपर्यंत चालला. गोळा वळला. तड तड. मी विचारलं, ‘आलं ऐकू?’

‘काय?’

‘परत चाल.’

परत चालला. स्पीकरपाशी उभा राहिला, वाकला, मी केलं होतं तसंच कान लावून. ‘आई, काही नाहीये. खरंच काही नाहीये गं.’ त्याचा आवाज इतका कळवळलेला होता की मला त्याला टॉवेलनंच मारावंसं वाटलं.

तेव्हा सून दारातून म्हणाली, ‘आ रही है.’

तो वळला. ‘क्या?’

‘आवाज. तड़ तड़. जैसे तड़का लगता है.’ ती पुढे आली. ‘आप एक बार फिर चलिए. देखो, कैमरा घूमता है तो आती है. मम्मीजी, यही ना?’

‘यही,’ मी म्हटलं. आणि टॉवेल टाकून दाखवला, काढून दाखवला. तिला प्रत्येक वेळी ऐकू आलं. त्याला एकदाही नाही. तो खोलीच्या मधोमध उभा होता आणि एकदा तिच्या तोंडाकडे, एकदा माझ्या तोंडाकडे बघत होता. आम्ही दोघी मिळून त्याची चेष्टा करतोय, अशी शंका त्याला आली असावी.

सून म्हणाली, ‘मैं तो कब से कह रही हूँ. ये टीवी इतना ज़ोर से चलाते हैं कि नीचे वाले शिकायत करते हैं. मुझसे कहते हैं, तुम मुँह में बोलती हो.’

मी त्याला विचारलं, ‘त्या पत्रे दाबायच्या यंत्रांजवळ कानात बोळे घालतोस का?’

‘मजूर घालतात,’ तो म्हणाला. ‘मी काय दिवसभर तिथे नसतो.’

‘रोज जातोस ना?’

त्याचा हात आपोआप कानाकडे गेला. मला त्याची दया आली का? आली असेल. पण आधी राग होता, आणि रागाची पाळी अजून संपली नव्हती. या माणसानं स्वतःच्या बहिऱ्या कानांनी माझं ऐकलं आणि माझं डोकं फिरलं असा निकाल दिला. मी साधं मराठी बोलले, त्यानं त्याची हिंदी केली, आणि त्या हिंदीवरून माझं घर विकायला निघाला. ‘स्पीकरमध्ये फोडणी पडते’ म्हणजे स्पीकरमध्ये कोणी बसून फोडणी घालत नाही, आवाज फोडणीसारखा येतो, एवढं मी त्याला शिकवलं नसेल तर तो माझा दोष नाही. हे शिकवायचं नसतं. हे जेवताना कळायला हवं.

मी म्हटलं, ‘डॉक्टरची वेळ घेतलीच आहेस ना? फुकट घालवू नकोस. तू जा.’

‘आई...’

‘जा. मी घरी थांबते. मला माझं सगळं ऐकू येतं.’

सुनेनं त्याच्या हाताला धरलं आणि दोघं गेली. ती जाताच मी प्लग उपटला, गोळा त्याच्या खोक्यात घातला आणि खोकं दारापाशी ठेवलं, परत न्यायला. मग रेडिओ लावला. निवेदक श्वास घ्यायला थांबला आणि मागे काहीही नव्हतं.

त्याच्या कानात आता छोटं यंत्र आहे. ते तो लाजून कधी घालतो, कधी घालत नाही. न घालता फोन केला की मला ओरडावं लागतं, आणि ओरडायचा मला मुळीच कंटाळा नाही. फ्लॅटचा विषय त्यानं अजून काढलेला नाही. काढेल तेव्हा उत्तर अशा आवाजात देईन की त्याला यंत्र लागणार नाही.