रांगेत माझ्यापुढे कोण होतं?

भूतखेतं मी कधीच मानली नाहीत. तरुणपणी बी.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी गटांगळी खाल्ली, तरी शेजारणीच्या दारावरचं लिंबू उतरवून त्याचं सरबत पिणारी मी... विज्ञानाचा केवढा तो तोरा! म्हणून हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय.

आमच्या चंद्रपुरात दर रविवारी सकाळी आम्ही घोळक्याने सायकली काढतो — रस्ता फक्त कोळशाच्या ट्रकांचा नाही, आमचाही आहे, हे दाखवायला. कडेने चोरासारखं नाही, लेन भरून चालायचं. नियम असा, की सगळ्यात हळू चालणारा सगळ्यात पुढे. अर्थात मी! पुढच्याने खड्डा हाताने दाखवायचा, थांबायचं असेल तर मूठ वर करायची. मागचे तीच खूण शेवटपर्यंत पोचवतात.

त्या दिवशी धुकं दाट होतं. माझा मुलगा सुधीर पाळत ठेवायला सोबत. निघतानाच दम दिला, "आई, एक डाव पडली ना, सायकल भंगारात देतो पाह्य!"

थोडं गेलो तर माझ्यापुढे एक बाई. हिरवं लुगडं, जुनी काळी सायकल. नवी असेल, नियम ठाऊक नसेल. मी ओरडले, "ओ बाई, पुढे मी असते!" ढिम्म. खुणा मात्र चोख. तिने डावीकडे हात केला — खड्डा. मीही केला. मागे एक ट्रक सारखा भोंगा वाजवत होता. वळणावर तिने मूठ वर केली... मीही केली. सगळे थांबलो.

ट्रकवाला खवळून उतरला. "माताजी, रोड तुम्हारा है क्या?"

"आधा तो है!"

त्याने टॉर्च पुढे मारला आणि दोन पावलं मागे सरकला. माझ्या चाकापासून हातभर अंतरावर अख्खा रस्ता खोदलेला. ना कठडा, ना पाटी.

"ते हिरव्या लुगड्यातली बाई कुठी गेली?" मी घाबरून विचारलं.

"कोणती बाई? पुढे तूच तर होती," सुधीर म्हणाला. माझ्या लगेच मागची वंदना म्हणाली, "आजी, मले तर तुमचीच पाठ दिसून राह्यली होती."

खड्ड्यात कोणी नव्हतं. पलीकडेही नाही.

आम्ही रस्त्याखालच्या मोकळ्या जागेतून सायकली काढल्या, ट्रकही तिथूनच उतरला. ट्रक चौकापर्यंत आमच्या मागे आला — दिवे लावून, भोंगा न वाजवता.

धुक्यात डोळे फसतात म्हणावं, तर तिने दाखवलेले खड्डे खरे निघाले.

पुढच्या रविवारी सुधीरने स्वतः माझ्या चाकांत हवा भरली. "चाल आई, हो पुढे."

झाले पुढे. पण पायडल मारण्याआधी जरा थांबले... तिला आधी निघू दिलं.