सवलतरावांची साक्ष

आमच्या साडूंना मी सवलतराव म्हणतो. तोंडावर नाही, तोंडावर साडूभाऊ. फुकट मिळणाऱ्या वस्तूवरही आणखी काही सूट बसते का, असं विचारणारा हा माणूस. पण चिक्कूपणा हा काही त्यांचा खरा गुण नव्हे. चिक्कू माणसं मला चालतात, ती निदान स्वतःचं जपतात. सवलतरावांचं तंत्र निराळं. काम दुसऱ्याने करावं, ते संपता संपता यांनी येऊन त्याला हात लावावा, की ते काम यांचं झालं.

आम्ही घर बदललं तेव्हा कपाट लिफ्टमध्ये मावेना. जिन्याने चढवताना दोन हमालांची आणि माझी कंबर मोडायची बाकी राहिली. सवलतराव खाली टेम्पोवाल्याशी रहदारीवर चर्चा करत होते. आम्ही शेवटच्या पायरीवर पोचलो तसे ते लिफ्टने वर आले, कपाटाला तळहात टेकवला आणि म्हणाले, "हं, आता सावकाश." संध्याकाळी सासूबाईंना फोन गेला, "चढवलं एकदाचं कपाट. मी होतो म्हणून बरं!" सासूबाईंनी मला बजावलं की, थोरल्या जावयाकडून काहीतरी शिका.

ऑफिसात कुणी निवृत्त झालं की वर्गणी सगळ्यांची, धावपळ शिपायाची आणि भेटवस्तू द्यायला पुढे सवलतराव. फोटोत निवृत्त होणाऱ्यापेक्षा यांचेच दात जास्त दिसतात. मुलीला गणित शिकवून शिकवून माझ्या मेहुणीचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, घसा बसला. निकालाच्या दिवशी "मी मागे लागलो म्हणून" हे वाक्य मात्र यांचं. ताई स्वतः शाळेत गणिताची शिक्षिका आहे. ती अशा वेळी नवऱ्याकडे न बघता पेढा तोंडात टाकते. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे मी खूप पाहिलेत, पण हे गृहस्थ त्या रेघोट्यांखाली सहीसुद्धा करतात.

अशा माणसाला नोकरीही देवाने जोडी जुळवून द्यावी तशी मिळाली. एका कंपनीचं कूपन शोधणारं एक्स्टेन्शन आहे. ते कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये घालून ठेवायचं. तुम्ही ऑनलाइन काही खरेदी करता आणि पैसे भरायच्या पानावर येता, तेव्हा कोपऱ्यात एक छोटी खिडकी उघडते आणि म्हणते, थांबा, तुमच्यासाठी सवलत शोधतो. चक्र फिरतं. बहुतेक वेळा सवलत सापडत नाही. मग "क्षमस्व" आणि खाली "ठीक आहे" असं एक बटण. सवलतराव त्या कंपनीत ग्राहक मदत विभागाचे प्रमुख. रोज टाय लावून जातात.

आता माझी बायको काय करते ते सांगतो. ती उत्तम शिवते, आणि तिला शिलाई मशीनचं वेड आहे. नवं मशीन आणायचं, आठवडाभर झोडपायचं. जीन्सच्या चार घड्या त्याखाली घालायच्या, सुळसुळीत अस्तर घालायचं, दोरा कुठे गुंततो, बॉबिन कधी कुरकुरते, टाका कुठे सुटतो ते पाहायचं आणि त्याचा व्हिडिओ करायचा. मी कॅमेरा धरतो आणि शिव्या खातो, कारण माझा हात हलतो. वाईट मशीनला ती वाईटच म्हणते. चांगलं असलं तर व्हिडिओखाली दुकानाची लिंक देते. त्या लिंकवरून कुणी गेलं की या बाईने गिऱ्हाईक पाठवलं अशी खूण दुकानाकडे राहते, आणि विक्रीतला थोडा वाटा तिला मिळतो. आमच्या मागच्या खोलीचं शिवणघर त्याच वाट्यावर उभं राहिलं.

पुढे तो वाटा आटत गेला. बायका कळवायच्या, "तुमच्या लिंकवरून मशीन घेतलं हो, मस्त चालतंय." आणि दुकानाच्या हिशेबी ती विक्री हिची नसायची. ही आधी स्वतःलाच दोष देत बसली. व्हिडिओ लांबतात का, माझा आवाज किरटा आहे का, असं मला विचारायची. शेवटी बाबागाड्यांची अशीच परीक्षा घेणाऱ्या एका मैत्रिणीने घरी येऊन प्रकार दाखवला. त्या खिडकीतलं "ठीक आहे" दाबलं की हिची खूण पुसली जाते आणि तिथे कंपनीची खूण बसते. सवलत दमडीची नाही, पण कंपनी म्हणणार, गिऱ्हाईक आम्हीच पाठवलं, वाटा आम्हाला! मैत्रिणीने हे दाखवलं ते आमच्याच कॉम्प्युटरवर. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशातली गत.

तो कळसा काखेत कुणी ठेवला, हे विचारायला नको. भाचीच्या वाढदिवसाआधी सवलतराव आमच्याकडे आले होते. आल्या आल्या मला म्हणाले, "सरका, तुम्हाला यातलं काही कळत नाही." टकटक टकटक केलं आणि उठले. "झालं. आता जन्मभर बचत." बायको तेव्हा मशीनचं पोट उघडून अडकलेला दोरा काढत होती. तिने मानही वर केली नाही. असं त्यांनी झाडून साऱ्या नातेवाइकांकडे केलं. सर्वांत जास्त घरांत एक्स्टेन्शन घातल्याबद्दल त्यांचा फोटो म्हणे ऑफिसच्या भिंतीवर लागला होता.

हिने आणि अशाच पुष्कळ जणांनी मिळून कंपनीवर दावा लावला. दाव्यात पहिलं नाव हिचं. कंपनीने उत्तर काय द्यावं? चोराच्या उलट्या बोंबा. म्हणे, या बाईंच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर आमचं एक्स्टेन्शन आहे. ते घालताना त्यांनी अटी मान्य केल्या. अटींत लिहिलंय की भांडण कोर्टात न्यायचं नाही, आम्ही नेमू त्या लवादापुढे एकेकट्याने यायचं. आणि सोबत एक प्रतिज्ञापत्र: "माझ्या मेहुणीने सर्व अटी वाचून, समजून, स्वतःच्या हाताने मान्य केल्या." खाली सवलतरावांची झोकदार सही.

त्या दिवशी बायको रडली. "हरले तर हरले," ती म्हणाली, "पण कोर्टात कुणीतरी माझं म्हणणं ऐकून तरी घेऊ दे. आणि भाऊजींनी असं लिहून द्यावं?" मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मला या माणसाचा मनापासून तिटकारा आहे, आणि तो लपवण्याची मला कधीच गरज वाटलेली नाही.

उलटतपासणीच्या दिवशी आमच्या वकीलबाईंनी मला बाजूला घेतलं. "साक्षीदाराचा स्वभाव कसा आहे?" माझ्यासाठी ती पर्वणीच होती. मी बोलत सुटलो. त्यांनी बराच वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "पुरे. श्रेय दुसऱ्याला गेलेलं सोसत नाही, एवढं बस्स."

कोर्टाची खोली लहान, बाकं कडक. सवलतराव नवा टाय लावून उभे होते. ताई रजा टाकून आली होती आणि आमच्याच बाकावर बसली होती. वकीलबाईंचा सूर अगदी गोड.

"तुमच्या मेहुणीबाईंना कॉम्प्युटरची चांगली जाण दिसते."

"हो, आहे की."

"एक्स्टेन्शन त्यांनी स्वतः घातलं, अटी स्वतः वाचल्या, मान्यही स्वतः केल्या."

"हो."

"म्हणजे तुमचा यात काहीच हात नाही."

सवलतराव जरा घुटमळले. "मी सांगितलं होतं तिला. माझ्या सांगण्यावरून..."

"सांगतात हो सगळेच. काम त्यांचं. आणि बाकीच्या नातेवाइकांकडे? तेही त्यांनीच घातलं असेल. बाई हुशार आहेत, भिंतीवर खरं तर त्यांचाच फोटो लागायला हवा होता."

कंपनीचे वकील उठले, पण सवलतराव त्यांच्या आधी उसळले होते.

"तिचा फोटो? अहो, तिला साधा पासवर्ड लक्षात राहत नाही! साहेब, अख्ख्या खानदानात हे मी घातलंय. सासूबाईंपासून सगळ्यांकडे मी एकट्याने. ही तर मशीनमध्ये डोकं घालून बसली होती, वळूनसुद्धा पाहिलं नाही तिने."

"मग 'मान्य' कुणी दाबलं?"

"मीच! आणखी कोण दाबणार?"

खोलीत कुणीतरी खोकलं. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "मग या प्रतिज्ञापत्रात लिहिलंय ते?"

"ते कंपनीच्या वकिलांनी लिहिलं, साहेब."

"सही?"

"सही तेवढी माझी."

दुपारी न्यायाधीशांनी सांगितलं की, या बाईंनी काही मान्य केल्याचं दिसत नाही, त्यांचं म्हणणं याच कोर्टात ऐकलं जाईल. बायकोने माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी बोटात रुतली.

बाहेर जिन्याशी कंपनीचे वकील सवलतरावांच्या अंगावरून, त्यांच्याकडे न बघता, निघून गेले. टायची गाठ सैल करत हे आमच्याकडे आले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "बघितलंस ना? मी खरं बोललो म्हणून वाचलीस."

मी तोंड उघडलं होतं, पण ताईने हात आडवा केला.

"खरं आहे," ती नवऱ्याला म्हणाली. आवाज अगदी वर्गातल्यासारखा, शांत. "इतक्या वर्षांच्या संसारात आज पहिल्यांदा तुम्ही स्वतः केलेलं काम स्वतःचं म्हणून सांगितलंत. आणि नेमकं तेच लाज वाटावी असं होतं."

मग बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून ती जिना उतरू लागली.