रक्त दिलं, वैर ठेवलं

मावशीला विसरणं ठाऊक नव्हतं. कुणी ‘झालं गेलं सोडून दे’ म्हणालं, की ती म्हणे, “सोडाया मी काय देव हाय व्हय?” आणि पुन्हा भाकरी थापू लागे.

तिच्या बहिणीची मुलगी मी. सणसरला तिच्याच घरी वाढले. कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून तिच्या चुलत दिराने, तात्याने, तिच्या नवऱ्याच्या डोक्यात फावडं घातलं होतं. साक्षीदार फिरले, तात्या सुटला. मावशी तेव्हा ऐन विशीत, पदरी मूल नाही. तात्या दारावरून निघाला, की ती हातातलं काम टाकून उंबऱ्यावर येई आणि तो वळणाआड होईपर्यंत टक लावून बघे. शेवटी त्याने वाट बदलली.

त्याला एकच मुलगा, आईविना वाढलेला सदू. चौतीस-पस्तीस सालची गोष्ट. गुऱ्हाळात ऊस घालताना सदूचा उजवा हात चरकात गेला. त्याला बारामतीला डॉक्टरांकडे नेल्याचं कळताच मावशी म्हणाली, “चल गं, तात्याचं तोंड बघून येऊ.” मीही आनंदाने गेले. खोटं कशाला बोलू?

सदूच्या अंगात रक्त उरलं नव्हतं. तात्याने बाही वर सारली. “पोटचं पोर हाय. माझंच घ्या.” डॉक्टरांनी काचेवर दोघांचं रक्त मिसळून पाहिलं, तर नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या झाल्या. भावकीतल्या कुणाचंच जुळेना. “रक्ताचे चार गट असतात, आणि ते घराणं बघून वाटलेले नसतात,” असं म्हणत ते दारातल्या प्रत्येकाचं बोट टोचू लागले. जुळलं ते नेमकं मावशीचं.

तात्याने तिचे पाय धरले. एरवी दिराला ‘तुमी’ म्हणणारी ती, त्या दिवशी एकेरीवर आली.

“पाय सोड. रगात देते. पर माझ्या मागं ह्यानं मला अग्नी द्यायचा, मिशी उतरवायची. तुझ्या डोळ्यांदेखत. माझी कूस तू रिकामी ठिवलीस न्हवं? आता ह्यो माझा.”

तात्या खाली मान घालून ‘व्हय’ म्हणाला.

हात गेला, पण सदू जगला. मावशी त्याला रोज जेवायला बोलवी आणि तात्याच्या घराकडे तोंड करून मोठ्याने म्हणे, “खा रं. माझं रगात हाय, पोसाया नगं?” आधी सदू भीत भीत येई. मग न बोलावता येऊ लागला.

पुढे मावशी तापाने गेली. सदूने डाव्या हाताने अग्नी दिला, मिशी उतरवली. तात्या लांब उभा होता.

त्यानंतर मी सदूबरोबर निमगाव केतकीच्या बाजाराला गेले. तिथे बैलवाल्या एका ओळखीच्याने सदूची उतरवलेली मिशी पाहिली आणि हळहळून विचारलं, “म्हातारा कवा गेला रं?” तात्या त्या बैलवाल्याच्या पाठीमागेच उभा होता.

“तात्या हाय की ह्यो,” सदू म्हणाला. “आय गेली माझी.”

मी तात्याच्या तोंडाकडे मनसोक्त बघून घेतलं, मावशीच्या वाटचंही.