स्वच्छ हातांचं कौतुक

काल घरी चहाला आली ती शालन, आमची कोपरखैरण्याची जुनी शेजारीण, अन् मागून तिची सून रूपाली. चहा होईपर्यंत रूपालीने सहा वेळा हात धुतले. शालन म्हणते, "नोकरी गेल्यापासून फार स्वच्छ झालीय पोरगी!"

मी म्हटलं, "शालन, गप बस. माझं पण असंच कौतुक करायचीस."

बायांनो, शहाऐंशी-सत्त्याऐंशीची गोष्ट. ह्यांची महाप्याची कंपनी बंद पडली अन् मला हात धुवायचा नाद लागला. कितीही धुवा, मनाला पटायचं नाही. उन्हाळ्यात बिल्डिंगमधल्या आमी सगळ्या गच्चीवर पापड करायचो. (तसे पापड आता कुठे मिळतात?) माझे हात स्वच्छ, म्हणून पीठ मलाच मळायला द्यायच्या. हातांच्या भेगांत पापडखार जाऊन आग व्हायची, पण एवढं कौतुक चाललेलं, सांगणार कोणाला?

शेवटी डॉक्टर म्हणाले, हा आजार आहे, टेन्शन वाढलं की जोर करतो. गोळ्या दिल्या. धुवावंसं वाटलं की थोडं थांबायला शिकवलं. वर्ष गेलं, पण मी हटले नाही, अन् नाद आटोक्यात आला.

रूपाली रडायलाच लागली. "मावशी, म्हणजे मी वेडी नाय?"

"नाय गं. पण डॉक्टरकडे जायचं, अन् सासूने सोबत जायचं."

शालन खाली मान घालून "हो" म्हणाली. मग रूपाली चहा संपेपर्यंत एकदाही बेसिनकडे उठली नाही. मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

तुमच्या घरात असं कौतुक कोणाचं चाललंय का? नीट बघा.

सोमवारी डॉक्टरकडे जाऊन गुरुवारी दोघी परत येतो म्हणाल्यात.