लिंबापाशी वळणारी वाट

पौषातल्या सकाळी आमच्या वसाहतीच्या बागेत ओल्या गवताचा वास येतो, आणि जरा थांबून खोल श्वास घेतला, तर त्या वासाच्या तळाशी मला अजूनही कोवळ्या ज्वारीचा वास लागतो. हे मी कुणाला सांगत नाही. इथे हिरवळीवर पाणी उडवणारी नळकांडी आहेत, व्यायामाची पिवळी-निळी लोखंडी यंत्रे आहेत, आणि या जमिनीत शेवटची ज्वारी उभी राहिली त्याला आता कितीतरी वर्षे झाली. पण नाक हट्टी असते, ते सातबारा बघत नाही.

नगर शहर पसरत पसरत आमच्या रानापर्यंत आले, तेव्हा रानाचे प्लॉट पडले, प्लॉटांवर बंगले उठले, आणि नकाशात मोकळी सोडलेली जागा बाग झाली. बागेच्या कडेने फरशीची एक गोल वाट आहे. तिला चढ नाही, उतार नाही. सावकाश चालले तरी दहा मिनिटांत फेरी पुरी होते. डॉक्टरांनी ज्यांना ज्यांना चालायला सांगितले आहे ती सारी मंडळी धुक्यात कानटोप्या घालून तिच्यावर फेऱ्या मारतात, आणि आपण निघालो तिथेच परत आलो याचे त्यांना रोज नवे समाधान वाटते. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, ते मात्र या वाटेने कधीच पुरी फेरी मारीत नाहीत. उगवतीच्या फाटकातून आत यायचे, अर्ध्या वाटेवरच्या कडुलिंबापर्यंत जायचे, त्याच्या बुंध्याला हात लावायचा आणि आल्या पावली परत फिरायचे. अशा त्यांच्या चार-पाच खेपा होतात. मी सोबत असते, म्हणून माझ्याही होतात.

तो लिंब पूर्वी बांधावर होता. बांधाच्या अलीकडे आमचे रान आणि पलीकडे नामाकाकांचे, म्हणजे अण्णांच्या धाकट्या भावाचे. नांगरताना बांधाला लागून एखादे तास, म्हणजे नांगराची एक रेघ, जास्त घेतले की बांध दरवर्षी थोडा थोडा बारीक होत जातो. काकांनी तसे घेतले असे अण्णांचे म्हणणे, आणि अण्णांनीच आधी घेतले असे काकांचे. मोजणी झाली, खुणेचे दगड रोवले गेले, आणि ते दगड दोघांनाही मान्य झाले नाहीत. शेवटी त्याच लिंबाखाली उभे राहून दोघांनी एकमेकांच्या रानात पाऊल न टाकण्याची शपथ घेतली. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात. आमच्या चुलीचा धूर तेवढा पंचक्रोशीला दिसला.

आमच्याकडे एक रीत होती. दुसऱ्याच्या रानात जायचे तर आधी बांधावर थांबून मालकाला हाक मारायची, आणि त्याची 'ओ' आली की मगच पाऊल आत टाकायचे. चुकार शेळी आणायची असो की विहिरीवर पाणी प्यायचे असो, बिनहाकेचे कुणी शिरत नसे. आम्हा पोरांना अण्णांनी हे अक्षरांच्याही आधी शिकवले होते. शपथेनंतर दोघांनीही कधी हाक मारली नाही, मग ओ कुठून यायची?

जेसीबीने तो बांध एका सकाळी सपाट केला. ज्या हातभर मातीसाठी दोन घरांचा रोटीव्यवहार थांबला होता, ती रस्त्याच्या भरावात गेली. पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. बाग झाल्यावर नामाकाका मावळतीच्या फाटकातून यायला लागले. त्यांचा बंगला त्या बाजूला, त्यांच्या जुन्या रानातच. तेही लिंबापर्यंत येत आणि वळत. दोन पांढऱ्या टोप्या दोन बाजूंनी एकाच झाडाकडे येतात, पाच-सहा पावलांचे अंतर राहिले की खाली बघतात, झाडाला हात लावून पाठ फिरवतात, हे मी शिक्षकांच्या खोलीत रंगवून सांगत असे आणि सगळे पोट धरून हसत.

पुढे पुढे मात्र मला वेगळे दिसू लागले. काकांना उशीर झाला तर अण्णांची पावले मंदावत. ते मफलर सोडून पुन्हा गुंडाळत. एकदा अण्णा तापाने तीन दिवस अंथरुणाला होते. चौथ्या दिवशी आम्ही गेलो तर काका आमच्याही आधी लिंबाशी उभे. त्यांनी अण्णांना डोक्यापासून पायापर्यंत एकदा न्याहाळले, उगीच खाकरले आणि ते निघून गेले. त्या दुपारी अण्णांनी अर्धी भाकरी जास्त खाल्ली. ते भांडण नव्हते, दोन म्हाताऱ्यांनी चुकवायची नाही अशी ठरवलेली भेट होती, आणि मी इतके दिवस तिला हसत होते.

गेल्या मार्गशीर्षात एके दिवशी काका आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी अण्णा लिंबाला हात लावून बराच वेळ उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुमे, जरा तिकडं जाऊन बघून ये गं."

इतक्या वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा म्हटले होते. काकांचे घर तिथून पाच मिनिटांवर. मी घड्याळाकडे पाहिले. शाळेत स्नेहसंमेलनाची धांदल होती. "संध्याकाळी जाते, अण्णा," मी म्हटले. संध्याकाळी दमून आले, तेव्हा म्हटले, "उद्या नक्की." दुसऱ्या दिवशी पहाटे काका गेल्याचा निरोप आला. मग मात्र मी धावत गेले. बैल गेला आणि झोपा केला, ही म्हण मी दरवर्षी मुलांना वाक्यात उपयोग करायला सांगते.

अण्णा दहनासाठी अमरधामात आले आणि सगळ्यांच्या मागे उभे राहिले. काकांच्या घरी ते आले नाहीत. ते घर काकांच्या रानात होते. मी काकूंजवळ बसले. काकू सोनईच्या, मोकळ्या बोलणाऱ्या. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "खाटंवर हुते, तरी सकाळ झाली की म्हनायचे, दादा लिंबापाशी उभा आसंल, कुनीतरी सांगा त्याला, मी हाय म्हनून. आमाला वाटलं, भ्रम झालाय." त्यांच्या बोलण्यात ठपका नव्हता. असता तर बरे झाले असते.

तेरावे झाल्यावर अण्णा पुन्हा बागेत आले. लिंबापाशी थांबले. फरशीची वाट पुढे मोकळी पडली होती, तिच्यावर पिवळी पाने आणि कोवळे ऊन. मी म्हटले, "अण्णा, आता चला की पुढे. कोण अडवतंय?"

त्यांनी तोंडाशी हात नेला, पूर्वी रानात नेत तसा, आणि हाक मारली. "नामाऽ! हाय का रानात?"

आवाज मध्येच फाटला. यंत्रांवर व्यायाम करणाऱ्यांचे हात थांबले. आम्ही दोघे वाट बघत उभे राहिलो. खरेच, मीही वाट बघत होते. मग त्यांनी हात खाली घेतला.

"ओ न्हाई आली," ते म्हणाले. "मालक नसताना दुसऱ्याच्या रानात शिरत न्हाईत." आणि ते वळले.

आता हे रोजचे झाले आहे. एक हाक, थोडी वाट बघणे, आणि परत फिरणे. ते वळतात तेव्हा मी मात्र पुढे जाते, काकांच्या अर्ध्या वाटेने, बिनहाकेची. त्या पाच मिनिटांत मी वाक्ये जुळवते: अण्णा, काकांनी तुमच्यासाठी निरोप ठेवला होता, अण्णा, तुम्ही उभे आहात हे त्यांना ठाऊक होते. पण ते सांगायचे तर मी त्या संध्याकाळी का गेले नाही, हेही सांगावे लागेल. फेरी पुरी होते. फाटकाजवळच्या बाकावर अण्णा बसलेले असतात, मफलर नीट करीत.

"भेटलं का कुनी तिकडं?" ते रोज विचारतात.

"नाही," मी म्हणते. त्यांचा हात धरून त्यांना उठवते, आणि उद्या नक्की सांगायचे असे मनाशी ठरवते. आणि माझा 'उद्या' कसा असतो, ते मला आता चांगले माहीत आहे.