मध्यंतरानंतरचा सिनेमा

सिनेमाबद्दल माझी मतं अतिशय ठाम आहेत आणि एकही सिनेमा मी पूर्ण पाहिलेला नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असावा. मध्यंतरापर्यंत माझ्यासारखा प्रेक्षक शोधून सापडायचा नाही. समोसे मी आणतो, नायिकेच्या बापावर मी चिडतो, खलनायकाच्या दिवाणखान्यातला सोफा आपल्याकडे कुठे मावेल याचा विचार करतो. मध्यंतर संपून दिवे गेले, की माझी हनुवटी छातीला टेकते ती लोक पायांनी चपला चाचपडायला लागेपर्यंत.

तरी ऑफिसात मला सिनेमातला जाणकार समजत. न्हावा शेव्याच्या बंदरात, कस्टममधून माल सोडवून देणाऱ्या एका क्लिअरिंग एजंटाकडे मी आयुष्यभर नोकरी केली. एखादा कंटेनर अडकून पडला, की आम्ही कारकून डबे उघडून बसायचो आणि सिनेमाचा विषय निघायचा. तिथे मी शेवटावर बोलायचो. शेवट मला बायकोकडून मिळायचा. पनवेलच्या जुन्या टॉकीजमधून बाहेर पडलो, की स्कूटरवर मागे बसून ती मला राहिलेला अर्धा सिनेमा सांगायची. घर आलं आणि गोष्ट उरली असेल, तर मी स्कूटर तशीच पळस्प्याकडे न्यायचो आणि फाट्यावरून वळवून आणायचो. ट्रकच्या गोंगाटातही तिचा एक शब्द चुकायचा नाही. मधेच पाठीत बोट टोचून विचारायची, "अहो, ऐकताय ना? का चालवताचालवताही झोपलात?"

आता ती बोलत नाही.

गेल्या वर्षी एका सकाळी ती बिल्डिंगखाली भाजीवाल्याशी घासाघीस करत होती आणि मधेच तिने त्याने सांगितलेला भाव मान्य केला. भाजीवालाच घाबरला. जिने चढून वर आला आणि मला म्हणाला, "काका, काकूंना काहीतरी झालंय." इतक्या वर्षांच्या सहवासात मला जे कळलं नसतं, ते त्याला गवारीच्या शेंगांवरून कळलं. दवाखान्यात सांगितलं, मेंदूत डाव्या बाजूला रक्ताची गाठ. उजवा हात आणि पाय हळूहळू परत आले, अर्धेमुर्धे. शब्द आले नाहीत. एकच आला, "नको." चहा हवा का, नको. असं म्हणताना डावा हात कपाकडे यायचा. मुलीचा बंगलोरहून फोन आला, देऊ का, नको, आणि फोन ओढून घ्यायची. सुरुवातीला मी शब्द ऐकायचो आणि कप परत न्यायचो. मग ती माझ्याकडे अशी बघायची, की बोलता येत असतं तर बरंच बोलली असती.

आठवड्यातून एकदा स्पीच थेरपिस्ट यायची. तरुण मुलगी, फार सोशिक. ती चित्रं दाखवायची आणि बायकोच्या ओठांकडे बघत थांबायची. मला थांबता येत नसे. बायकोचे ओठ जुळायला लागले, की मी शेजारून "बादली, बादली" म्हणून मोकळा व्हायचो.

"काका, तुम्ही फार मदत करता," ती म्हणाली.

मला बरं वाटलं. म्हटलं, "माणसाने करावी."

"नाही, करू नका म्हणतेय मी. त्यांना शब्द शोधायला वेळ लागतो. तुम्ही दिलात, की त्या शोधायचं सोडून देतात. प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं."

मी माझ्या आयुष्यात गप्प बसलोय तो फक्त मध्यंतरानंतर. आणि आता तर तीही सोय राहिली नव्हती. दवाखान्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर माझी झोप जी मोडली, ती मोडलीच. दुपारभर आम्ही दोघं टीव्हीसमोर बसू लागलो आणि मी सिनेमे शेवटपर्यंत बघू लागलो. या वयात.

तेव्हा बनलेली मतं सांगतो. हल्लीच्या सिनेमांत अंधार फार. वाटतं, विजेचं बिल निर्मात्याच्या स्वतःच्या नावावर येतं. माणसं कुजबुजतात, मग एकदम कुणीतरी ताट फेकतं आणि माझ्या छातीत धडधडतं. दक्षिणेकडचे डब केलेले त्यापेक्षा बरे. नायक एका लाथेत जीप उडवतो आणि पुढच्याच मिनिटाला आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडतो. जीपवाल्यांची विचारपूस कुणी करत नाही, पण निदान दिवे लावलेले असतात. जुने काळे-पांढरे सिनेमे सर्वांत उत्तम. त्यांत माणसं एकाने बोलून झाल्यावर दुसऱ्याने बोलायचं, अशी वागतात. आमच्या घरी हे कधी जमलं नाही. आता जमतंय, पण दुसरं माणूस बोलतच नाही.

तर अशाच एका दुपारी एक जुना सिनेमा लागला. ट्रक ड्रायव्हरचा. आम्ही लग्नानंतर लगेच टॉकीजला पाहिलेला. त्यात घाटात ट्रक दरीत जातो तिथे मध्यंतर होतं, म्हणजे तिथवरचा मी पाहिला होता. पुढचं तिने सांगितलेलं होतं: ड्रायव्हर झाडाला अडकून वाचतो, धनगर त्याला सांभाळतात आणि बायकोने कुंकू पुसायच्या ऐन वेळी तो दारात उभा राहतो. या शेवटावर मी ऑफिसात कित्येक वर्षं बोललो. आजच्या दिग्दर्शकांत माणूस जिवंत परत आणायची हिंमत नाही, हे माझं गाजलेलं मत. एकदा एक ट्रकवाला कागद घ्यायला आला होता. तो चाचरत म्हणाला, "साहेब, तो मरतो ना शेवटी?" मी त्याला सांगितलं, "तू दुसराच पिक्चर पाहिला असशील." सगळे त्याला हसले.

तो मरतो. मध्यंतरानंतर लगेच मरतो. उरलेला सगळा सिनेमा त्याची बायको लोकांची भांडी घासते.

मी बायकोकडे बघितलं. ती टीव्हीकडे बघत होती, नको इतक्या एकाग्रतेने. मग हळूच तिचा डोळा माझ्याकडे वळला आणि ती हसली. तोंड एकाच बाजूने वर गेलं, पण आवाज तिचा होता, जुना. आजारानंतर मी तो पहिल्यांदा ऐकत होतो.

इथे शहाण्या माणसाने थांबावं. मी दुसऱ्या दिवशी तमाशावरचा सिनेमा शोधून लावला. तिच्या सांगण्यात त्यातली नाचणारी बाई शेवटी तालुक्याला खानावळ काढते आणि पाटील तिथे ताटं उचलतो. प्रत्यक्षात ती विष घेते. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. आमच्या घरी सांगितल्या गेलेल्या निम्म्याअधिक सिनेमांत कुणी ना कुणी खानावळ काढत असे. मग मी झपाटल्यासारखा सुटलो. रोज एक सिनेमा. दोन जुळ्या भावांचा. आंधळ्या मुलीचा. बापाने घराबाहेर काढलेल्या मुलाचा. प्रत्येक शेवट खोटा. आणि प्रत्येक वेळी मी तिच्यासमोर जाऊन बसायचो आणि विचारायचो, "तू काय सांगितलं होतंस? आठव. आंधळी मुलगी काय करते? शि... शिव... शिवणका..." मला वाटत होतं, चित्रातल्या बादलीने जे होत नाही ते याने होईल. ही तर तिची स्वतःची गोष्ट. ती गोष्ट आत कुठेतरी शाबूत असणार आणि मी नीट ओढली तर बाकीचे शब्दही तिच्या मागोमाग येतील.

तिसऱ्या की चौथ्या सिनेमानंतर ती हसेनाशी झाली. एकदा मी "आठव ना" म्हणालो तेव्हा तिने डाव्या हाताने रिमोट उचलून माझ्या अंगावर फेकला आणि भिंतीकडे तोंड करून रडत बसली. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभा राहिलो. थेरपिस्टने मागच्याच भेटीत दारात चपला घालताना सांगितलं होतं, की पहिल्या काही महिन्यांत जे येतं ते भरभर येतं, नंतर वाट बघावी लागते. किती, ते मी विचारलं नव्हतं. कॅलेंडरकडे बघवत नव्हतं. माझ्या डोक्यात एकच हिशेब चालू होता: ही आता कधीच बोलणार नाही आणि मी हिला शेवटचं काय विचारलं, तर आंधळ्या मुलीचं काय झालं.

रविवारी मेव्हणा आला. उरणकडे त्यांची पिढीजात मिठागरं होती. आता मिठागरांच्या जागी कंटेनरांची गोदामं आहेत आणि मेव्हण्याकडे मोठी गाडी. त्याला मी तक्रार केल्यासारखं सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला.

"भावोजी, तुमाला आता कललं? बाय पयलेपासून अशीच हाय."

मग त्याने सांगितलं ते मला लग्नाच्या इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. त्यांचे वडील पनवेलला बाजाराला यायचे तेव्हा पोरगी हट्टाने सोबत यायची आणि पिक्चर बघून जायची. गावातल्या दुसऱ्या कुठल्या बाईला ते शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी मिठागरावर बायका मीठ ओढायला जमल्या, की ही बांधावर बसून पिक्चर सांगायची.

"आनि ती मानसं मारायची नाय," मेव्हणा म्हणाला. "एकदा मारला, तं बाया फावडी टाकून रडाला बसल्या. आमच्या बापाने तिला सांगितला, बाय, मेला तरी मारू नको, माजं मीठ ओलं व्हतंय. तवापासून तिच्या पिक्चरला कोनी मेलाच नाय."

पलंगावरून तिचा आवाज आला. ती पुन्हा एका बाजूने हसत होती. मेव्हणा उठून तिच्याजवळ बसला आणि म्हणाला, "काय गो, चोरी पकडली ना नवऱ्यानं?"

"नको," ती म्हणाली.

जाताना मेव्हण्याने जिन्यात मला धरलं. "भावोजी, तिला इचारू नका. तिला ऐकाची सवय कुठं हाय? तिला कोनी पिक्चर सांगितलाच नाय कदी. तुमीच सांगा की."

मी सांगायचं? मला ऑफिसात अर्जाची पहिली ओळसुद्धा जमत नसे. पण बुडत्याने काडी कुठली धरावी याचे नियम नसतात. मेव्हण्याची बायको घरी बसायला आली आणि मी मॉलमधल्या थिएटरला एकटाच गेलो. नवा सिनेमा होता, दुपारचा खेळ. हायवेवर गॅरेज चालवणाऱ्या भावाबहिणीची गोष्ट. भाऊ दुसऱ्याच्या गुन्ह्यासाठी तुरुंगात जातो, बहीण हात काळे करून गॅरेज ओढते. माझं मत: चांगला होता. मुलीने पाना खरोखर धरला होता, फोटोपुरता नाही. मध्यंतरानंतर मी जागा होतो, पण घरी गोळी दिली का, हे आठवून बाहेर फोन करायला गेलो आणि मेव्हण्याच्या बायकोने गोळीबरोबर शेजाऱ्यांचंही सगळं सांगितलं. परत आलो तेव्हा भाऊ सुटून आला होता, गॅरेज बंद होतं, आणि तो समुद्रावर एकटा बसला होता. कॅमेरा त्याच्यावर इतका वेळ थांबला, की मला वाटलं मशीन बिघडलं. मग नावं आली.

घरी येऊन मी तिच्यासमोर खुर्ची ओढली आणि सिनेमा सांगितला. फार वाईट सांगितला. तुरुंग आधी सांगितला आणि गुन्हा नंतर. पण ती ऐकत होती. मान पुढे, डोळे माझ्या तोंडावर. शेवटाला आलो आणि तो समुद्रावरचा एकटा माणूस मला तिला देववेना. मी म्हटलं, "मग भाऊ परत येतो. आणि... पुन्हा गॅरेज उघडतो. आणि शेजारी खानावळ."

तिने भुवई वर केली. स्वतःच्या मालाची नक्कल ओळखणाऱ्या दुकानदारासारखी.

"बरं, खानावळ नाही," मी म्हटलं. "पण गॅरेज उघडतो. संपला."

तिचा डावा हात उठला. थांब, असा. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. माझ्या जिभेवर दहा शब्द आले, ते मी गिळले.

"ब," ती म्हणाली. "बही... बहीण?"

मी खुर्चीतून अर्धा उठलो. मेव्हण्याची बायको स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली आणि दारातच थांबली. इतक्या महिन्यांनी तिने एक शब्द शोधला होता, आणि तो प्रश्न होता, आणि मला उत्तर माहीत नव्हतं. बहिणीचं जे काही झालं ते मी पॅसेजमध्ये फोन कानाला लावून उभा असताना झालं होतं. मी घाईघाईने तिचं लग्न लावून दिलं. नाशिकला. बायकोला ते मुळीच पटलं नाही. तोंड फिरवलं.

त्यानंतर तो शब्द आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. थेरपिस्टला फोन केला, ती खूप आनंदली आणि मग म्हणाली, "काका, त्याच्या मागे लागू नका. आला म्हणजे रोज येईलच असं नाही." मला ते नुसतं "येणार नाही" एवढंच ऐकू आलं. रडायला मला संडास सोडून जागा नव्हती, तिथे जाऊन नळ सोडला.

मग मी बहिणीला शोधायला निघालो. पनवेलमधून सिनेमा उतरला होता. मेव्हण्याच्या बायकोला पुन्हा घरी बसवलं आणि खारघरला सकाळचा एकच खेळ होता, तो धरला. फोन बंद केला. मध्यंतरानंतर खुर्चीच्या कडेवर बसून बघितलं. बहीण एका संध्याकाळी गॅरेजचं शटर ओढते, किल्ली शेजारच्या टपरीवर ठेवते, एसटीत बसते आणि खिडकीबाहेर बघते. बस जाते. मग भाऊ येतो, समुद्र येतो, नावं येतात. बहीण कुठे गेली, ते कुणी सांगत नाही. दिग्दर्शकाला सुचलं नसावं किंवा त्याला ते फार भारी वाटलं असावं. माझं मत विचाराल तर प्रेक्षकांना असं वाऱ्यावर सोडणाऱ्या माणसाला एक दिवस माझ्या घरी पाठवावं.

परतीच्या रिक्षात मी शेवट जुळवत होतो. नोकरी, नवरा, दुसरं गॅरेज. एकही टिकेना. घरी पोचलो तेव्हा ती खिडकीशी बसली होती, जेवण झालेलं, केस विंचरलेले. मी चप्पल काढली, हात धुतले, खुर्ची ओढली.

"मी बहिणीला बघून आलो," मी म्हटलं. "गॅरेजला कुलूप लावते. एसटीत बसते. खिडकीची जागा मिळते तिला. गाडी सुटते. पुढचं त्यांनी दाखवलेलंच नाही. खरंच नाही. मी जागा होतो."

मी खुर्ची आणखी पुढे ओढली.

"कुठे जाते ती?" मी विचारलं, आणि गप्प बसलो.

वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. खाली हायवेकडे जाणारा कंटेनर गतिरोधकावर आदळला. तिने खिडकीबाहेर बघितलं, मग माझ्याकडे. डावा हात मांडीवरून उठला आणि हवेत तसाच राहिला. ओठ जुळले. मी दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरून ठेवले आणि दात आवळून घेतले.